माझा अनुभव: डब्यात किती वाजलेत?

मधला बर्थ कधी उघडायचा यावरून स्लीपरच्या डब्यात होणारं भांडण ज्यानं पाहिलं नाही, त्यानं महालक्ष्मी एक्स्प्रेसनं कोल्हापूरहून मुंबईला प्रवास केलेलाच नाही. तेच भांडण एक दिवस माझ्या टेबलावर, वीतभर लांबीच्या प्लॅस्टिकच्या डब्यात होईल, असं मात्र मला कधी वाटलं नव्हतं.

झालं असं. ओळखीच्या एका मुलानं आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा, स्लीपर डबा थ्रीडी प्रिंटरवर काढून दिला, एचओ म्हणजे १:८७ मापात. खरा डबा साधारण २१.३ मीटर लांब आणि सव्वातीन मीटर रुंद, म्हणजे हा २४५ मिलिमीटर बाय ३७. बाहेरून निळा रंग दिला, फिकट निळा पट्टा मारला, झकास दिसायला लागला. आत मात्र रिकामा. खिडकीतून पलीकडची खिडकी दिसायची. बाबांनी हातात घेऊन फिरवला आणि म्हणाले, "शेडमध्ये उभा आहे वाटतं!" बाबांची सगळी नोकरी मिरजेत ट्रेन लायटिंगला गेली. त्यांना डबा म्हणजे आधी दिवे, मग बाकीचं.

मी बर्थ कापायला बसले. हिशेब सोपा वाटला: नऊ कंपार्टमेंट, प्रत्येकी आठ, एकूण ७२. सहा फुटी बर्थ १:८७ मध्ये २१ मिलिमीटर. एक मिलिमीटरच्या प्लॅस्टिक शीटचे तुकडे कापून ठेवले आणि पहिलाच बर्थ आत बसेना. खऱ्या मापाप्रमाणे भिंत एक मिलिमीटरचीही भरत नाही. प्रिंटरनं काढलेली सव्वा-दीड मिलिमीटरची. दोन्ही बाजूंचे धरून अडीच-तीन मिलिमीटर गेले, ते कुठून तरी काढायचे. पॅसेज आणखी अरुंद केला तर बाहेरून लगेच कळतं, म्हणून बर्थच साडेएकोणीसचे केले. पाय थोडे बाहेर येतील. येऊ देत, स्लीपरमध्ये उंच माणसाचे येतातच.

मग खरा प्रश्न आला, ज्याचा मी विचारच केला नव्हता. मधले बर्थ उघडे दाखवायचे की पाठ टेकायला खाली सोडलेले? दिवसाचा डबा असेल तर सगळे खाली. पण दिवसा दिवे कशाला लावायचे? आणि दिवे लावून रात्र केली, तर मधले बर्थ वर, लोक आडवे, आणि मग दिवे बंद. नियमानं झोपायची वेळ रात्री दहा ते सकाळी सहा. २०१७ च्या आधी ती नऊपासून धरायचे. म्हणजे दिवे आणि माणसं दोन्ही दिसायला हवी असतील, तर गाडीत एकच वेळ शक्य होती: साडेनऊ ते दहा. कोणी जेवतंय, कोणी बर्थ उघडायची घाई करतंय, एकानं दिवा मालवलाय आणि समोरचा तो परत लावतोय. त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं, "पावणेदहा". पुढचं सगळं त्याप्रमाणे ठरलं. नऊपैकी तीन कंपार्टमेंटमध्ये मधले बर्थ वर, पाचात खाली, आणि एकात एक वर, एक खाली. भांडण तिथे.

माणसं घाऊक पाकिटात मिळतात, पण सगळी सुटाबुटातली आणि उभी. कमरेतून आणि गुडघ्यातून कापून बसवली. टिश्यू पेपरची बारीक पट्टी पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवून चिमट्यानं खांद्यावर टाकली की पदर होतो. चार नंबरच्या कंपार्टमेंटमध्ये खिडकीशी एक बाई, मांडीवर जेवणाचा डबा, शेजारी अंथरलेला वर्तमानपत्राचा सहा मिलिमीटरचा तुकडा. तिच्यासमोर कानटोपीवाले आजोबा. ते बसलेले नाहीत, उभे आहेत, एक हात मधल्या बर्थच्या साखळीवर. साखळी म्हणजे जुन्या मोटरच्या वाइंडिंगची तार पिळून केलेली. या एका कंपार्टमेंटला दोन रविवार गेले.

बाकी मी कडक नियम केला: खिडकीतून जे दिसत नाही ते करायचं नाही. पंखे छताला, खिडकीच्या वर, रद्द. सीटखालच्या बॅगा आणि चपला रद्द. चपलांचं वाईट वाटलं.

आता दिवे. हौशी लोक साधारण जे करतात तेच मीही केलं: चाकांवर तांब्याच्या पातळ पट्ट्या टेकवून रुळातून वीज घेतली, मध्ये ब्रिज रेक्टिफायर, म्हणजे गाडी उलटी चालवली तरी दिवे लागावेत, आणि पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेली १२ व्होल्टची एलईडी पट्टी. लुकलुकू नये म्हणून कपॅसिटर. तो पहिल्यांदा उलटा लावला. फट्, घाण वास, आणि मांजर जे पलंगाखाली गेलं ते संध्याकाळपर्यंत आलं नाही. दुसऱ्यांदा नीट लावला, तर गाडी जोरात पळवली तेव्हाच दिवे लागायचे. माझा कंट्रोलर साधा डीसीचा. वेग कमी म्हणजे रुळात व्होल्टेज कमी, आणि त्या पट्टीला नऊच्या आसपास व्होल्ट मिळेपर्यंत ती जागीच होत नाही. वर त्या तांब्याच्या पट्ट्या चाकांना घासून ब्रेकसारख्या लागायच्या. वळणावर इंजिनाची चाकं नुसती गरगर फिरायची.

बाबा खुर्चीतून बघत होते. "पळताना उजेड आणि स्टेशनात अंधार? अगं, ही बॅटरी काढून नेलेली गाडी झाली." मग त्यांनी सांगितलं, जे मी लहानपणापासून ऐकत आलेय आणि कधी नीट ऐकलं नव्हतं. त्यांच्या डब्यांखाली अल्टरनेटर असायचा, तो एक्सलवरच्या पट्ट्यानं फिरायचा. त्यावर दिवे-पंखे चालायचे आणि बॅटऱ्या भरायच्या. गाडी उभी राहिली की सगळा डबा बॅटरीवर, ११० व्होल्ट डीसी. "उभ्या गाडीत दिवा जायला नको, एवढ्यासाठीच आमची नोकरी."

पट्ट्या, रेक्टिफायर, सगळं उपटून टाकलं. शेवटच्या टॉयलेटच्या जागी दोन बटण सेल उभे केले, तिथली काच तशीही धुरकट असते. डब्याखाली बॅटरी बॉक्स असतो, त्या खोक्यात नखाएवढा स्विच लपवला. तांदळाच्या कणीएवढे नऊ एलईडी, प्रत्येकाला ४.७ किलोओहमचा वेगळा रेझिस्टर. सगळ्यांचा मिळून सहा मिलिअँपिअरच्या आसपास खर्च, म्हणजे हिशेबानं तीसेक तास. सोल्डरिंग गन छताला जरा जास्त वेळ टेकली आणि छताला लाट आली, ती अजून आहे. हे प्लॅस्टिक साठ अंशांच्या पुढे मऊ पडतं, हे मला माहीत होतं. तरीही.

रात्री खोलीत अंधार करून स्विच दाबला, आणि डबा आकाशकंदिलासारखा पेटला. खिडक्या नव्हे, भिंती. निळा रंग आतून पारदर्शक झालेला, छताच्या फटीतून उजेडाची रेघ. रंग कितीही जाड वाटला तरी उजेड त्यातून येतो. आधी आतून काळा हात मारायचा आणि त्यावर डब्याचा क्रीम रंग. म्हणजे बर्थ, माणसं, आजोबा सगळे बाहेर काढा, रंगवा, परत बसवा. एवढं एक मी कोणालाही आधी सांगेन.

आणि पिवळा प्रकाश. परदेशातली मंडळी वॉर्म व्हाइट घ्या म्हणतात, कारण त्यांचे जुने डबे बल्बच्या काळातले. मीही तेच घेतले होते. बाबांनी एक नजर टाकली. "लग्नाचा हॉल आहे का हा? ट्यूब पांढरी असते." पांढरे लावले तर मोबाइलच्या दुकानासारखे निळसर दिसले. शेवटी पांढऱ्या एलईडीवर काचेला द्यायच्या पिवळ्या रंगाचा अगदी पातळ थेंब आणि खाली बटर पेपरची पट्टी, म्हणजे ठिपका न दिसता ट्यूबसारखी रेघ दिसते. सातव्या कंपार्टमेंटचा दिवा मुद्दाम तोडला. तिथले मधले बर्थ वर आहेत, फक्त एक निळा नाइट लॅम्प. शेजारचा उजेड आत येऊ नये म्हणून पार्टिशनला छतापर्यंत काळ्या कागदाची पट्टी.

परवा डबा रुळावर ठेवला, खोलीतला दिवा घालवला आणि बाबांना बोलावलं. ते चष्मा कपाळावर चढवून, वाकून बराच वेळ बघत होते. एकेक खिडकी. सातव्यापाशी थांबले, "इथे झोपले वाटतं." चौथ्यापाशी हसले. मग डबा हळूच उचलला आणि उलटा केला. आजोबा आत धडपडले, मला आवाज आला.

"अल्टरनेटरचा पट्टा कुठाय?"

"बाबा, तो दिसत नाही कुठून."

"मला दिसतोय ना, नाहीये तो."

काल पंक्चरवाल्याकडून सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणलाय. एक मिलिमीटर रुंद पट्टी सरळ कापता येत नाही, ब्लेड ओढलं की रबर ताणलं जातं. थोडा वेळ फ्रिजरमध्ये ठेवून बघते.