यंत्र वेगवान, तरी आठवडा का लागतो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न नेहमीचाच: ‘संगणक एवढे वेगवान झाले, मग तुमचं वाहत्या हवेचं सिम्युलेशन (संगणकावरची गणिती नक्कल) अजून आठवडाभर का चालतं?’

खरं उत्तर, आमची हाव. वेग मिळाला की लगेच जाळी बारीक करायची. पण त्या हावेचा हिशेब एकदा बघाच.

वाहती हवा गणितात पकडायची तर जागेची घरं पाडायची (हीच ती जाळी), प्रत्येक घरात दाब, वेग, तापमान ठेवायचं आणि काळ छोट्या पावलांनी पुढे न्यायचा. घराची बाजू निम्मी केली की घरं आठपट होतात; इथवर सगळे मान डोलावतात. मेख पुढे आहे. कुरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी या गणितज्ञांनी १९२८ साली दाखवलेली अट अशी, की साध्या पद्धतीत एका पावलात लाट साधारण एका घरापलीकडे जाता कामा नये. गेली तर आकडे फुगत जातात आणि गणित उधळतं. म्हणजे घर निम्मं, तर पाऊलही निम्मं. आठाचे सोळा झाले! दहापट वेगवान यंत्र आणलंत तरी जाळी दुप्पटसुद्धा बारीक होत नाही.

‘मग प्रोसेसर वाढवा की.’ वाढवू. शंभर कोटी घरांचा ठोकळा १,००० प्रोसेसरांत वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्याला दहा लाख घरं. त्यांतली कडेची, म्हणजे ज्यांचे आकडे दर पावलाला शेजाऱ्याला कळवावे लागतात ती, साठ हजारांच्या आत. तोच ठोकळा ६४,००० जणांत वाटा: प्रत्येकी १५,६२५ घरं, आणि त्यांतली पाचवा हिस्सा तरी कडेची. काम थोडं, निरोपानिरोपीच फार.

६४,००० हा आकडा मुद्दाम घेतला. ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांनी १९२२ मध्ये हवामानाचं गणित हाताने करणाऱ्या इतक्याच माणसांचं एक प्रचंड सभागृह कल्पिलं होतं. मधोमध एक मुख्य. पुढे पळणाऱ्यांवर तो गुलाबी प्रकाश टाकणार, रेंगाळणाऱ्यांवर निळा. संगणक यायच्या आधीच या माणसाने आमचं दुखणं ओळखलं होतं. आजही एक प्रोसेसर मागे पडला की बाकीचे हात बांधून थांबतात.

मोठं पाऊल टाकू देणाऱ्या पद्धती आहेत, पण त्यांत प्रत्येक पावलाला लाखो समीकरणं एकदम सोडवावी लागतात. सूट मिळते, फुकट नाही. म्हणून कुणी नव्या यंत्राच्या वेगाचं कौतुक सांगू लागलं, की मी आधी विचारतो, मेमरीतून आकडे किती भरभर येतात, आणि शेजाऱ्याकडून किती?