३.६ टक्के कुणाचे? अमेरिकेतल्या प्रवेशाचा अंदाज बांधताना

‘सॅटला (अमेरिकेतल्या प्रवेशासाठीची परीक्षा) १६०० पैकी १५५० आहेत, बारावीला पंच्याण्णव टक्के पडतील, मग स्टॅनफर्ड मिळेल का?’ या प्रश्नामागे आपली कॅप राउंडची, म्हणजे इंजिनीअरिंगच्या केंद्रीय प्रवेशफेरीची सवय आहे. पुण्याच्या सीओईपीचं कॉम्प्युटर मागच्या वर्षी कितीला बंद झालं ते बघायचं, शेजारी आपला पर्सेंटाइल ठेवायचा, बऱ्यापैकी उत्तर मिळतं. अमेरिकेतल्या अतिनिवडक विद्यापीठांना कट-ऑफच नसतो. तिथे ‘शंभरात किती’ असाच अंदाज करावा लागतो, आणि तो बहुतेकांचा फसतो तो छेद चुकीचा धरल्यामुळे.

हार्वर्डचं उदाहरण घेऊ. २०२४ च्या प्रवेशासाठी ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना होकार मिळाला, म्हणजे ३.६ टक्के. हा आकडा सगळीकडे छापून येतो, पण तो सगळ्या गटांची सरासरी आहे. प्रवेशपद्धतीवरच्या खटल्यामुळे हार्वर्डची जी जुनी आकडेवारी उघड झाली, तीत विद्यापीठाच्या संघांसाठी निवडलेल्या खेळाडूंचा दर ८६ टक्क्यांच्या आसपास होता, तर माजी विद्यार्थ्यांच्या मुलांचा साधारण एक तृतीयांश. हे गट बाजूला काढले की उरलेल्यांचा दर ३.६ च्या खालीच जातो. पुण्याहून किंवा नागपूरहून अर्ज करणारी मुलं या उरलेल्यांत मोडतात.

त्यानंतर नागरिकत्व. एमआयटी आपल्या संकेतस्थळावर अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय अर्जदारांचे आकडे वेगवेगळे देते. एकूण दर अलीकडे साडेचार टक्क्यांच्या आसपास असतो, आंतरराष्ट्रीय अर्जदारांचा दोनाच्या जवळपास. इथे शाळा कुठली हे बघत नाहीत, पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड बघतात. न्यू जर्सीत पहिलीपासून शिकलेली पण एच-फोर व्हिसावर (नोकरीसाठी आलेल्या पालकांमुळे मिळणारा) असलेली मुलगी एमआयटीच्या हिशेबात आंतरराष्ट्रीय ठरते. उलट अमेरिकेत जन्मलेला, आता कोथरूडमध्ये राहणारा मुलगा अमेरिकन अर्जदारांत जातो. परदेशातल्या मराठी घरांत ही गोष्ट बारावीच्या वर्षात कळते आणि सगळी यादी नव्याने करावी लागते. नववीतच तपासून ठेवा.

आता पैसा, कारण सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. बहुतेक नावाजलेल्या खासगी विद्यापीठांचा एकूण वार्षिक खर्च आज ८० हजार डॉलरच्या वर आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन अशी मोजकी नावं सोडली, तर जवळपास सगळीकडे आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्याने आर्थिक मदत मागितली की ती मागणी प्रवेशाच्या निर्णयात धरली जाते. स्टॅनफर्ड, कोलंबिया, कॉर्नेल यांचंही तसंच आहे. ‘आधी प्रवेश तर मिळू दे, मदत नंतर मागू’ हा सल्ला घातक आहे. स्टॅनफर्डसह अनेक ठिकाणी अर्जाच्या वेळी मदत न मागणाऱ्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्याला चारही वर्षं ती मिळत नाही.

मदतीची जागा किती अरुंद आहे हे घरबसल्या काढता येतं. बहुतेक विद्यापीठं ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा दस्तऐवज दरवर्षी प्रसिद्ध करतात. त्यात बी२ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांची संख्या असते आणि एच६ मध्ये त्यांतल्या किती जणांना सरासरी किती मदत दिली ते. समजा एखाद्या कॉलेजात चारशे परदेशी विद्यार्थी आहेत आणि एच६ मध्ये साठ जणांना मदत दिसते. हे साठ चारही वर्षांचे मिळून, म्हणजे एका तुकडीत पंधराच्या आसपास, तेही साऱ्या जगातून. सरासरी मदत वीस हजार डॉलरची असेल आणि तुम्हाला साठ हजार लागणार असतील, तर त्या कॉलेजचा प्रसिद्ध दर वीस टक्के असला तरी तुमच्यासाठी ते जवळजवळ बंद आहे. एच६ रिकामं असेल तर प्रवेश कार्यालयाला मेल करून विचारा.

त्याच दस्तऐवजात सी९ मध्ये सॅटचे आकडे असतात. एमआयटीत गणितात मधल्या निम्म्या विद्यार्थ्यांचे गुण ८०० पैकी ७८० ते ८०० आहेत. म्हणजे प्रवेश घेतलेल्यांपैकी किमान चौथ्या हिश्श्याला पैकीच्या पैकी आहेत. ८०० असल्याने तुम्ही वेगळे दिसत नाही. ७३० असेल तर मात्र प्रश्न उभा राहतो. १५५० झाले असतील तर १५८० साठी पुन्हा बसण्यात घालवलेले तीन महिने वाया जातात असं माझं ठाम मत आहे.

महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांचा अंदाज जिथे कोसळतो ती जागा म्हणजे अकरावी. आपल्याकडे अकरावीचे मार्क कुणी विचारत नाही. जेईईच्या क्लासमुळे कॉलेजच्या परीक्षा जेमतेम दिल्या जातात आणि गुणपत्रिकेवर ६५ टक्के येतात. पण अमेरिकेचे अर्ज नोव्हेंबर ते जानेवारीत जातात आणि बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो. अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्यापुढे सगळ्यात ताजी वार्षिक गुणपत्रिका अकरावीचीच असते. दहावीला ९६ आणि अकरावीला ६५ म्हणजे त्याच्या दृष्टीने सरळ घसरण. शाळेकडून जाणाऱ्या माहितीपत्रात अकरावीत वर्गातल्या सर्वाधिक गुणांचा आकडा लिहून घ्या. ६५ हा वर्गातला तिसरा क्रमांक असेल, तर तेवढ्या एका ओळीने चित्र बदलतं.

शिफारसपत्राचंही असंच होतं. क्लासशी जोडलेल्या इंटिग्रेटेड कॉलेजात दोन वर्षं हजेरी कागदोपत्रीच असते, त्यामुळे मुलाला नावानिशी ओळखणारे शिक्षक नसतात. मग ‘हुशार, कष्टाळू, आज्ञाधारक’ असं पत्र जातं. त्याने अर्ज बाद होत नाही, पण हजारो उत्तम गुणांच्या अर्जांतून तुमचाच उचलायला कारणही मिळत नाही. क्लासमधले सर जास्त ओळखत असतील तर त्यांचं पत्र जादाचं म्हणून जोडता येतं. मुख्य पत्र शाळा-कॉलेजच्या शिक्षकांचंच लागतं.

अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांसाठी कॉमन ॲपमध्ये (अनेक विद्यापीठांचा सामाईक ऑनलाइन अर्ज) दहाच रकाने आहेत आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. तिथे पातळी मोजली जाते. ऑलिंपियाडमधून मानखुर्दच्या होमी भाभा केंद्रातल्या निवड शिबिरापर्यंत पोचलेल्या मुलाचं पान वेगळं वाचलं जातं. पैसे भरून छापलेला शोधनिबंध किंवा फी घेऊन दिलेलं ‘समर स्कूल’चं प्रमाणपत्र यांनी अंदाज तसूभरही वाढवू नका.

शाखेचाही परिणाम होतो, पण सगळीकडे नाही. इलिनॉय विद्यापीठाला (अर्बाना-शॅम्पेन) एकूण चाळीस टक्क्यांच्या आसपास अर्जदारांना होकार मिळतो, पण कॉम्प्युटर सायन्सला दहा टक्क्यांच्या आत. हार्वर्ड, एमआयटीत शाखेनुसार जागा नसतात.

एवढं झालं की प्रत्येक विद्यापीठासमोर एकच आकडा न लिहिता पट्टा लिहा: ‘एक ते तीन टक्के’, ‘दहा ते वीस टक्के’. मग एक मोह आवरा. दर पाच टक्के अशी दहा विद्यापीठं घेतली, तर कागदावर किमान एक मिळण्याची शक्यता चाळीस टक्के निघते. हे गणित दहा निर्णय एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं धरतं. प्रत्यक्षात दहाही ठिकाणी तीच गुणपत्रिका, तीच पत्रं, तोच निबंध जातो. अर्जात कच्चा दुवा असेल तर तो सगळीकडे कच्चाच दिसतो. सामान्य अर्जासाठी ती शक्यता चाळीसच्या पुष्कळ खाली धरा. आणखी पाच अतिनिवडक नावं जोडण्यापेक्षा, खर्च झेपेल आणि दर तीस टक्क्यांच्या वर असेल अशी तीन जोडा.

अर्ली, म्हणजे नियमित फेरीच्या आधी केलेल्या अर्जाचे दरही तसेच फसवे असतात. २०२४ च्या त्याच प्रवेशात हार्वर्डला अर्लीत ७,९२१ पैकी ६९२ जणांना होकार मिळाला, म्हणजे ८.७ टक्के. नंतरच्या फेरीत २.७. पण खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुलं अर्लीतच गर्दी करतात. लवकर अर्ज केल्याने तुमची शक्यता तिप्पट होत नाही.

अर्लीचा निकाल डिसेंबरच्या मध्यावर लागतो, आणि बाकीचे अर्ज जायला दोन-तीन आठवडे असतात. तो निकाल नीट वाचा. हार्वर्ड अर्लीच्या बहुसंख्य अर्जदारांना थेट नकार न देता पुढच्या फेरीत ढकलतं. त्यामुळे ढकललं गेल्याने फारसं काही कळत नाही, पण थेट नकार आला तर उरलेल्या यादीतले सगळे पट्टे खाली आणा आणि १ जानेवारीच्या आत दोन सोपी कॉलेजं वाढवा. स्टॅनफर्डचं उलट आहे. तिथे फार थोड्यांना पुढे ढकलतात, बाकीच्यांना सरळ नकार. त्या नकारावरून यादी बदलायची गरज नाही.