वीतभर जमीन

लाओसमधल्या फोनसावनला पोचलो तेव्हा रात्र झाली होती आणि नोव्हेंबरातच अंगावर स्वेटर चढला होता. लुआंग प्रबांगहून मिनीव्हॅनने जवळजवळ आठ तास, त्यातले निम्मे घाटाच्या वळणांत. लाओसला जाणारे बहुतेक लोक विएन्तियान, वांग विएंग आणि लुआंग प्रबांग बघून परततात. डिसेंबर 2021मध्ये चीनला जोडणारी रेल्वे सुरू झाल्यापासून तर तो फेरा फारच सोपा झाला आहे. फोनसावन ज्यात येतं तो शिएंग ख्वांग प्रांत त्या रेल्वेच्या वाटेवर नाही. मला मात्र तिथेच जायचं होतं.

माझं माहेर माण तालुक्यातलं, कोरडवाहू शेतीचं. नोकरीमुळे शहरात राहून वीस वर्षं झाली, तरी कुठेही गेलं की माझी नजर आधी मातीकडे जाते. इथली माती तांबूस. लांबवर पसरलेलं गवताळ पठार, मधे पाइनची झाडं, भात कापून झालेली खाचरं आणि त्यांत सोडलेल्या म्हशी. पाचगणीच्या पठारावर आल्यासारखं वाटलं. फक्त पठारभर गोल खड्डे होते, काही इतके रुंद की आत बैलगाडी सहज वळावी. आमच्या हॉटेलच्या दारात दोन झाडं लावलेली होती, आणि त्यांच्या कुंड्या म्हणजे बॉम्बची उभी चिरलेली टरफलं होती.

सकाळी गाडीतून उतरताच गाइडने जमिनीतला एक छोटा चौकोनी ठोकळा दाखवला. अर्धा पांढरा, अर्धा लाल. पांढऱ्या बाजूला जमिनीच्या आतपर्यंत तपासणी झाली आहे, लाल बाजूला फक्त वरवर नजर फिरवली आहे. “पांढऱ्यातच चाला,” एवढंच तो म्हणाला. पुढचे तीन दिवस मी खाली बघूनच चालले.

हे ‘रांजणांचं पठार’. लोहयुगातल्या माणसांनी कोरलेले दगडी रांजण इथे शेकड्यांनी पडले आहेत, काही माणसाहून उंच. मृतांच्या अंत्यविधीशी त्यांचा संबंध होता असं संशोधक मानतात. 2019 साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. पहिल्याच ठिकाणी तीनशेच्या वर रांजण आहेत आणि त्यांच्यामधूनच ते खड्डे. एक रांजण फुटून दोन भाकरीच्या तुकड्यांसारखा पडला होता. दोन हजार वर्षं उन्हापावसात टिकलेली वस्तू अशी फुटलेली बघून पोटात कालवलं.

या खड्ड्यांमागची गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. व्हिएतनामचं युद्ध सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या शेजारी, त्याच वर्षांत, लाओसमध्ये जे चाललं होतं ते अमेरिकेने आपल्या जनतेपासूनही लपवून ठेवलं होतं. 1962च्या जिनिव्हा कराराने लाओस तटस्थ देश ठरला होता. परक्या फौजांनी निघून जायचं होतं. पण उत्तर व्हिएतनामच्या फौजा पुरत्या निघाल्या नाहीत, पाथेट लाओ या कम्युनिस्ट बंडखोरांनी ईशान्येचा डोंगराळ मुलूख धरून ठेवला, आणि देशाच्या दक्षिण भागातून उत्तर व्हिएतनामची रसद नेणारा हो ची मिन्ह मार्ग जात होता. अमेरिकेला उघडपणे सैन्य पाठवता येईना. मग सीआयएने व्हांग पाओ या सेनानीच्या हाताखाली ह्मोंग डोंगरी लोकांची फौज उभी केली, लोंग तिएंगच्या दरीत तिचा तळ बसवला, आणि बाकीचं काम आकाशातून सुरू झालं.

1964 ते 1973. पाच लाख 80 हजार बॉम्बफेकी उड्डाणं, 20 लाख टनांहून जास्त बॉम्ब. सरासरी काढली तर दर 8 मिनिटांनी एक विमान भरून बॉम्ब, रात्रंदिवस, 9 वर्षं. त्या वेळी या देशाची लोकसंख्या तीस लाखही नव्हती. नोव्हेंबर 1968मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक थांबवली, तेव्हा मोकळी झालेली विमानं इकडे वळली. एका ठिकाणची शांतता दुसऱ्याच्या अंगावर अशी येऊन पडली.

आकड्यांपेक्षा मला छळलं ते त्या छोट्या गोळ्याने. फोनसावनच्या रस्त्यावर बॉम्ब निकामी करणाऱ्या ‘मॅग’ संस्थेचं माहिती केंद्र आहे. तिथे निकामी केलेला एक ‘बॉम्बी’ ठेवला होता. इथले लोक क्लस्टर बॉम्बमधल्या सुट्या गोळ्यांना बॉम्बी म्हणतात. पेरूएवढा. वरून खरबरीत, गंजून मातीच्याच रंगाचा झालेला. कवचात बारीक पोलादी छर्रे शेकड्यांनी बसवलेले. एका मोठ्या नळकांड्यात असे सहाशेच्या वर. नळकांडं हवेत उघडायचं आणि हे सगळे विखरून खाली यायचे. पोरांना तो चेंडूच वाटणार, दुसरं काय वाटणार? लाओसवर असे 27 कोटी टाकले. त्यातले सुमारे 30 टक्के फुटलेच नाहीत. म्हणजे 8 कोटी मातीत रुजून राहिले. युद्ध संपल्यानंतर बॉम्बी आणि इतर न फुटलेल्या स्फोटकांनी 20 हजारांहून जास्त माणसं मारली किंवा अधू केली.

तिथून बाहेर आल्यावर मी आप्पांना फोन लावला. ऐंशी वर्षांचे आहेत, अजून रोज शेतावर जाऊन येतात. सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मग पेरत्यात कसं?”

मी हाच प्रश्न गाइडला विचारला. त्याने हात पुढे करून कुदळ मारून दाखवली, अगदी हळू, टोक मातीत जेमतेम शिरेल अशी. “माझी आई अशी खणते,” तो म्हणाला. आमच्याकडे कुदळ खांद्यावरून उचलून मारतात, अंगातलं सगळं बळ लावून. हाताला लागलेली ही सवय मोडायला किती वर्षं लागली असतील त्या बाईला! शेकोटीसुद्धा इथे कुठेही पेटवत नाहीत. खाली बॉम्बी असला तर आचेने फुटतो.

दुसऱ्या दिवशी मुआंग ख्वूनला गेलो. फुआन राज्याची ही जुनी राजधानी. वाट फिया वाट या विहारात आता विटांचे खांब, थोड्या भिंती आणि उघड्यावर बसलेली बुद्धाची मोठी मूर्ती एवढंच उरलं आहे. छप्पर नाही. मूर्तीचा चेहरा आगीने विद्रूप झाला आहे, डोळ्यांच्या जागा पोकळ. समोर ताजी झेंडूची फुलं होती.

तिथून मुआंग खामकडे, थाम पिउच्या गुहेला. बॉम्बफेकीपासून वाचायला गावकरी डोंगरातल्या या गुहेत राहायचे. 24 नोव्हेंबर 1968 रोजी विमानातून सोडलेलं रॉकेट गुहेत शिरलं. अधिकृत नोंद 374 मृतांची आहे. आत गेलं की अजूनही छताचा दगड काळा दिसतो. जमिनीवर लोकांनी छोटे दगड एकावर एक रचून ठेवले आहेत. मी कॅमेरा पिशवीत टाकला.

या गोष्टीत भारतही आहे. 1954 पासून लाओसवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, सोबत कॅनडा आणि पोलंड. ऑक्टोबर 1965मध्ये विएन्तियानहून हनोईकडे निघालेलं या आयोगाचं विमान भारतीय सदस्यांसह नाहीसं झालं. आपली माणसं शांततेच्या कामासाठी इथे आली आणि परतली नाहीत, हे आपल्या शाळांतून कुणी शिकवत नाही. आणि हेही लिहायला हवं की क्लस्टर बॉम्बवर बंदी घालणाऱ्या 2008च्या करारावर अमेरिकेप्रमाणेच भारतानेही सही केलेली नाही. तो गोळा बघून आल्यावर मला ते पटत नाही.

हे लिहिलं म्हणजे पाथेट लाओ स्वच्छ होते असं नव्हे. डिसेंबर 1975मध्ये सत्ता आल्यावर त्यांनी हजारो लोकांना ‘पुनर्शिक्षणा’च्या छावण्यांत टाकलं; राजा सावांग वत्थना तिकडेच मेला. ह्मोंग कुटुंबं मेकाँग ओलांडून थायलंडला पळाली. ज्या बंडाला रोखायला एवढं सगळं केलं, ते बंड जिंकलंच, आणि ज्यांना लढायला उभं केलं त्यांना जंगलात सोडून विमानं निघून गेली.

नापिया गावात युद्धाच्या भंगारातलं अॅल्युमिनियम वितळवून चमचे करतात. एक बाई राखेच्या साच्यात पळीने धातू ओतत होती. मिनिटाभरात चमचा बाहेर. हाती घेतला तर कागदासारखा हलका आणि अजून गरम. मी घेतला, पण मन अडखळलं. मागणी वाढली की कोणीतरी भंगार शोधायला लाल बाजूला जातो. एकच घेतला.

परतीच्या आदल्या दिवशी रस्त्याकडेला एक पथक दिसलं, बहुतेक बायाच. दोऱ्यांनी आखलेल्या पट्ट्यांत त्या यंत्र फिरवत हळूहळू सरकत होत्या. शेतीसाठी जमीन 25 सेंटिमीटर खोल साफ करतात, असं गाइडने सांगितलं.

संध्याकाळी आप्पांना हे फोनवर सांगितलं. “म्हंजी वीतभर,” ते म्हणाले. “भाताला चालंल. पर हीर काढायची झाली तर?”

सकाळी गाइडला विचारलं. तो म्हणाला, मग पथकाला पुन्हा बोलवायचं आणि ते येईपर्यंत थांबायचं. त्याच्या घरामागची विहीर अजून काढायची राहिली आहे.