मोती रुजवतात तरी कसा?
जपानला गेलो तेव्हा तोबाला मुद्दाम गेलो, कारण मोत्यांच्या शेतीची सुरुवात करणाऱ्या मिकिमोतो या जपानी उद्योजकाने १८९३ साली पहिले अर्धगोल मोती तिथंच पिकवले, गोल मोत्याची रीत नंतरची. मला वाटायचं वाळूचा कण टाकला की झालं, पण तसं अजिबात नाहीये! अकोया नावाच्या जातीचा जिवंत शिंपला जेमतेम बोटभर उघडतात, आत बारीक चीर देतात, त्यात अमेरिकेतल्या नदीतल्या शिंपल्याच्या कवचाचा घडवलेला मणी ठेवतात आणि सोबत दुसऱ्या शिंपल्याच्या मांसल पडद्याचा इवलासा तुकडा. खरी जादू त्या तुकड्याचीच, त्याच्या पेशी वाढून मण्याभोवती पिशवी होते आणि तीच थरावर थर चढवते. मग शिंपले जाळीतून परत समुद्रात. कितीतरी ऑपरेशननंतर मरतात, हे कळल्यावर फार वाईट वाटलं. आता आईच्या नथीतले मोती नीट जवळून बघणार आहे.