आधी विचारा, आज काय आलंय

'ठाण्यातल्या एखाद्या जुन्या मासळीच्या खाणावळीत गेलो, तर मागवायचं काय?' घोडबंदर रोडला नव्याने राहायला आलेले शेजारी हे हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. मेनूकार्ड बाजूला ठेवा आणि वाढणाऱ्या दादांना विचारा, 'आज काय आलंय?' जुन्या खाणावळींत सकाळी बाजारात जे चांगलं मिळालं तेच फळ्यावर लिहितात, संपलं की पुसतात. दुपारी दोनला फळा अर्धा पुसलेला दिसला, तर तिथे बिनधास्त बसा.

पापलेट सगळेच मागवतात. २०२३ पासून तो आपला राज्य मासा आहे, मान आहेच त्याला. पण तळहातावर मावेल एवढं पिल्लू ताटात आलं की मला घास जात नाही. १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट धरू नये असा राज्याचा नियम आहे. अंडी घालायच्या आधीच मासा तव्यावर गेला, तर पुढे जाळ्यात यायचं काय?

त्यापेक्षा ओले बोंबील घ्या. खाणावळीचा हात इथेच कळतो. बोंबलाच्या अंगात पाणी फार, म्हणून तो उभा चिरून, मधला काटा काढून वजनाखाली दाबून ठेवावा लागतो. मग मसाला, मग रवा. घाईत दाबायचं राहिलं की तव्यावर लगदा. नीट दाबलेला बोंबील शेपटीकडून उचलला तरी सरळ राहतो. बांगडा आला असेल तर तळलेला नको, तिरफळ ठेचून घातलेलं कालवण मागा.

पावसाळ्याचं गणित वेगळं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हाची 'ताजी' सुरमई बहुतेक बर्फातली, तिच्यासाठी पैसे घालू नका. चिवणी, बोय, निवट्या असले खाडीतले मासे आलेत का बघा. स्टेशनाला लागून चेंदणी कोळीवाडा असलेल्या शहरात ही नावं अनोळखी व्हावीत, याचं मला फार वाईट वाटतं. कारखान्यांच्या आणि गटारांच्या पाण्याने ठाण्याची खाडी बिघडली, म्हणून मासा कुठल्या पाण्यातला हेही मी विचारते. जुना मालक राग मानत नाही, नीट सांगतो.

आणि ताजं काहीच नसेल, तर वांग्यात घातलेले सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, आणि तांदळाची भाकरी मागवा.