नकाशावरचं हिरवं

2023 च्या जूनमध्ये मी जर्मनीतल्या हार्झच्या डोंगरात गेलो, तो उपग्रहाचा नकाशा घेऊन. 2018 पासूनचा दुष्काळ आणि सालीखालचा भुंगेरा यांनी तिथली स्प्रूसची, म्हणजे सुईसारख्या पानांच्या उंच झाडांची जंगलं उभ्या उभ्या वाळवली. ब्रॉकेन शिखराच्या वाटेवर नुसते राखाडी खांब. एका आजोबांचा जंगलाचा खासगी तुकडा मात्र नकाशावर हिरवागार होता. मी त्याच्यापुढे ‘निरोगी’ लिहून टाकलं होतं.

सोबतचा फॉरेस्टर काही न बोलता एका बुंध्याशी गुडघ्यावर बसला. सालीच्या खपल्यांत कॉफीच्या पुडीसारखा तपकिरी भुसा. आमच्या देवगडला कलमाखाली भुसा दिसला की शेंबडं पोरसुद्धा ‘खोडकिडा’ म्हणतं. आणि मी वर शेंडा बघत उभा!

त्याने कुऱ्हाडीने साल सोलली. आत एक उभं भुयार, दोन्ही बाजूंना बारीक फाटे, छापल्यासारखे. म्हणून जर्मनीत या पाच मिलिमीटरच्या किड्याला ‘पुस्तक छापणारा’ म्हणतात. झाडाला पाणी असेल तर ते त्याला राळेत बुडवून मारतं. तहानलेल्या झाडाकडे राळ कुठून येणार? नर आधी आत घुसतो, वास पसरवून बाकीच्यांना बोलावतो. पानं पुढे कित्येक आठवडे हिरवीच राहतात, आणि उपग्रहाला दिसतात ती पानं. ती तपकिरी होईपर्यंत पुढची पिढी उडून गेलेली असते.

आजोबा ऐंशीच्या पुढचे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी भरपाई म्हणून इथलं जंगल तोडून नेलं, मग त्यांच्या आईने मजुरीवर हे स्प्रूस लावले. झटपट वाढणारं, सरळ, विकलं जाणारं. इथे त्याला ‘भाकरीचं झाड’च म्हणतात.

फॉरेस्टरने 2022 पासूनच्या सरकारी अनुदानाच्या अटी सांगितल्या: आपसूक उगवलेली रोपं आधी जपायची, स्थानिक जाती जास्त, हेक्टरी किमान 5 झाडं मरून कुजेपर्यंत राखायची.

“म्हणजे आता न तोडण्याचे पैसे,” आजोबा म्हणाले. त्यांनी खिशातून युरोच्या आधीचं, जुनं 50 फेनिगचं जर्मन नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं. त्यावर गुडघ्यावर बसून रोप लावणारी बाई. जंगलं पुन्हा उभी करणाऱ्या बायकांच्या मानाचं नाणं.

“नीट बघा, तिच्या हातात ओक आहे. माझ्या आईच्या हातात मात्र स्प्रूसच दिला.”

परतताना गाडीत मी ‘निरोगी’ खोडलं.