कॅनीचा देखावा: लिबियन पायदळाचा गुंता अखेर सुटला

कॅनीच्या लढाईच्या (इ.स.पू. २१६, रोम विरुद्ध कार्थेज) छोट्या प्रतिकृतींच्या देखाव्यात मध्यभागी कार्थेजचा सेनापती हॅनिबल आणि त्याचा भाऊ मॅगो बसले असून, आदल्या वर्षी आर्नोच्या दलदलीत अधू झालेला हॅनिबलचा उजवा डोळा १:७२ प्रमाणातही ओळखू येतो, याचा मला विशेष आनंद आहे. हत्तींबद्दल पुन्हा विचारणा झाली आहे. कॅनीत एकही हत्ती नव्हता.

खरे डोके खाल्ले ते लिबियनांनी, म्हणजे हॅनिबलच्या आफ्रिकी पायदळाने. त्याच्या सैन्यातील गॉल उघडे, स्पॅनिश सैनिक जांभळ्या काठाच्या पांढऱ्या अंगरख्यात, त्यामुळे ते सहज वेगळे दिसतात. परंतु लिबियनांच्या अंगावर त्रेबिया आणि त्रासिमेनो येथील आधीच्या विजयांत लुटलेली रोमन शस्त्रास्त्रे असल्याने हातभर अंतरावरून दोन्ही सैन्ये एकच वाटत होती. रोमन इतिहासकार लिव्हीही म्हणतो की पाहणाऱ्याला ते रोमनच वाटले असते. ढाली वेगळ्या रंगवण्याचा सोपा उपाय मला पटत नव्हता, कारण मग लुटीचा मुद्दाच पुसला जातो.

उत्तर लिव्हीच्याच वर्णनात सापडले. त्या दिवशी वुल्टर्नस नावाचा वारा दक्षिणेकडे तोंड केलेल्या रोमनांच्या चेहऱ्यावर धूळ फेकत होता. म्हणून रोमनांची शिरस्त्राणे, चेहरे आणि ढाली समोरून धुळकट केल्या व पाठी स्वच्छ ठेवल्या. लिबियन मात्र दोन्ही बगलांवरून आत वळलेले आहेत: हॅनिबलच्या डाव्या बगलेवरचे पूर्वेकडे पाहतात, त्यामुळे धूळ त्यांच्या तलवारीच्या हातावर बसते, उजव्या बगलेवरचे पश्चिमेकडे पाहतात, त्यामुळे ती ढालीवर बसते. चिलखत तेच, पण आता कोण कुठून आले हे धूळच सांगते.

यासाठी महागडी आयात पिगमेंट पावडर मुळीच लागत नाही. चित्रकलेच्या दुकानातील सॉफ्ट पेस्टल ब्लेडने खरवडले की काम भागते. मात्र मॅट व्हार्निश (चकाकी नसलेला संरक्षक थर) आधी, ब्रशने आणि पूर्ण वाळवून द्यावे. नंतर दिल्यास ते निम्मी धूळ गिळते, आणि स्प्रे तर पावसाळी हवेत पांढरट पडतो.

हे लिहिताना लक्षात येते आहे की रोमनांच्या स्वच्छ पाठी उत्तरेकडून उत्तम दिसतील, आणि नेमके तिकडूनच हॅनिबलचा सेनानी हॅस्ड्रुबल याचे घोडदळ येते. हा हॅनिबलचा भाऊ नव्हे. तो तेव्हा स्पेनमध्ये होता. या हॅस्ड्रुबलने नदीकाठचे रोमन घोडदळ उधळले, मग दुसऱ्या बगलेवरील न्युमिडियनांच्या (हॅनिबलच्या उत्तर आफ्रिकी घोडेस्वारांच्या) मदतीस जाऊन पळणाऱ्यांचा पाठलाग त्यांच्यावर सोपवला आणि स्वतः रोमन पायदळाच्या पिछाडीवर तुटून पडला. माझ्या मते त्या दिवशीचा सर्वांत थंड डोक्याचा निर्णय हाच. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसनेही त्याची वाखाणणी केली आहे. तेव्हा पाया फिरवून दर्शनी बाजू उत्तरेची करतो, म्हणजे हॅनिबल मागे जाईल. त्यासाठी मधली जमीन थोडी उंचवावी लागेल. न्युमिडियनांच्या सेनापतीची नावपट्टी अद्याप कोरी आहे, कारण पॉलिबियस हॅनोचे नाव देतो तर लिव्ही महारबलचे. तूर्त माझा कल हॅनोकडे आहे.